तेवीस ठिपके

श्यामकांत संध्याकाळी गच्चीवरून खाली येतात ते तोंड मिटून. जिन्यात समोरच्या सान्यालबाई भेटल्या तरी नुसती मान हलवतात, कारण डोक्यात आकडा असतो आणि बोललं की तो सांडतो, असं त्यांचं म्हणणं. घरात आले, चपला काढल्या, की जाहीर करतात, "दोन पूर्णांक दोन." मी कॉम्प्युटरवर तारीख, वेळ आणि दोन पूर्णांक दोन टाकते. झालं. सत्तावीस वर्षं आमच्या संसारात संध्याकाळी सातला एवढंच घडतं, आणि त्यापायी मी कितीतरी पाहुण्यांना चहासाठी ताटकळत ठेवलं आहे.

आकडा असतो एका ताऱ्याचा. पावसाळा सरला की उत्तरेला शर्मिष्ठा दिसायला लागते. पाच ठळक तारे, नागमोडी मांडलेले. त्यातला मधला तारा लहरी आहे. कधी उजळतो, कधी मंदावतो, आणि त्याला वेळापत्रक म्हणून काही नाही. शेजारचे तारे त्या मानाने स्थिर, म्हणून त्यांच्याशी ताडून मधल्याचं तेज ठरवायचं. आकडा मोठा तर तारा मंद, आकडा लहान तर तारा तेजस्वी. असे हौशी निरीक्षक जगभर पसरलेले आहेत. त्यांची एक संस्था आहे, प्रत्येकाला तिथे एक सांकेतिक नाव मिळतं, आणि आपण टाकलेला आकडा संस्थेच्या आलेखावर ठिपका होऊन बसतो.

श्यामकांतांची नोकरी हवामान खात्यात गेली. बदलीवर कलकत्त्याला आलो आणि निवृत्तीनंतर इथल्या बेहाला भागातच राहिलो. नोकरीतला एक नियम त्यांनी घरी आणला: कालची नोंद बघून आजची नोंद करायची नाही. मागचं बघितलं की डोळा पुढचं तसंच बघतो. म्हणून आकडे टाकायचं काम माझ्याकडे, आणि स्वतःच्या ठिपक्यांचा आलेख या माणसाने एकदाही पाहिलेला नाही. स्वतःचा स्वयंपाक चाखायचा नाही अशी शपथ घेतलेल्या आचाऱ्यासारखा हा प्रकार आहे, असं मी त्यांना अनेकदा सुनावलं आहे. ते हसतात आणि नियम पाळतात.

नूपुर आमच्याकडे यायला लागली ती गेल्या वर्षीच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीपासून. वडील बँकेत, बदलीवर आले तेव्हा ही तीन वर्षांची होती. त्यामुळे तिचं मराठी घरातल्या घरात वाढलेलं, बाहेरचं वारं न लागलेलं. इथल्या एका संशोधन संस्थेत ती पीएचडी करते, आणि विषय कोणता, तर तेजस्वी ताऱ्यांचं तेज उपग्रहातून मोजणं. पंगतीत श्यामकांतांनी मधल्या ताऱ्याचं नाव काढलं मात्र, पोरीचा हात जिलबीवरच थांबला. ती त्याच ताऱ्यावर काम करत होती.

तेव्हापासून महिन्यातून दोनदा तरी ती येते आणि माझ्या पोह्यांत मिरच्या कमी आहेत म्हणून सांगते. तिच्याकडून मला पुष्कळ कळलं. अवकाशातल्या मोठमोठ्या दुर्बिणींना तेजस्वी तारे झेपत नाहीत, त्यांचे डोळे दिपतात. म्हणून हे उपग्रह मुद्दाम लहान केलेले. आमच्या पिठाच्या डब्याएवढे, पुढे तीन सेंटिमीटरचं भिंग. त्यातही ताऱ्याची प्रतिमा मुद्दाम अंधुक ठेवतात, म्हणजे प्रकाश एकाच बिंदूवर न सांडता पसरतो आणि नीट मोजता येतो. काही उपग्रह निळ्या काचेतून बघतात, काही लाल काचेतून. पृथ्वीभोवती एक फेरी मारायची, प्रत्येक फेरीत थोडा वेळ त्याच ताऱ्याकडे टक लावायची, असं महिनोन्‌महिने. श्यामकांतांना हे सगळं फार आवडलं. आपलाच कोणी चुलतभाऊ वर जाऊन बसला आहे, अशा थाटात ते त्या डब्याची चौकशी करायचे.

परवा शनिवारी दुपारी ती आली तीच दारातून ओरडत. "काकू, काका, खूप मोठी गोष्ट झाली! माझी चॅप्टर तयार!"

तिने जेवणाच्या टेबलावर एक लांबलचक कागद पसरला. श्यामकांतांनी लगेच खुर्ची फिरवली आणि खिडकीकडे तोंड केलं. "मला दाखवू नकोस. नुसतं सांग."

"दोन वर्षांपूर्वीचा हिवाळा आहे, काका. लाल लाइन उपग्रहाची, काळे ठिपके तुमचे. काकू, तुम्ही बघा. इथपर्यंत दोन्ही बरोबर बरोबर चालतात. आणि इथे, नोव्हेंबरच्या मधे, लाइन खाली जाते. तारा मंद झाला. तीन आठवड्यांनी परत वर येते. पण काकांचे ठिपके? एकदम सरळ!"

मी बघितलं. लाल रेघ खाली वाकली होती, आणि तिच्या वर काळे ठिपके शहाण्यासारखे ओळीत उभे होते. ते किती आहेत हे मला मोजावं लागलं नाही.

"मग चूक कोणाची?" श्यामकांतांनी खिडकीला विचारलं.

"तेच ना! आमच्या गटाने पंधरा दिवस उपग्रहातच चूक शोधली. गरम झाला का, हलला का. तेव्हा फक्त लाल काचवाला या ताऱ्याकडे बघत होता, म्हणून दुसरा साक्षीदार नाही. बाकीच्या लोकांचे ठिपके इतके विखुरलेले की त्यातून काही कळत नाही. मग मी सरांना म्हटलं, काकांचे आकडे सत्तावीस वर्षं एकाच डोळ्याचे आहेत, ते चुकणार नाहीत. म्हणजे दोघंही बरोबर! या ताऱ्याभोवती वायूची चकती आहे ना, ती विरळ झाली असेल. लाल प्रकाश तिथून जास्त येतो. म्हणून लाल काचेला तारा मंद दिसला आणि काकांच्या डोळ्याला नाही दिसला. सोमवारी चॅप्टर सरांकडे जाते, आणि तिथून बाहेरच्या गटाकडे. काकांचं नाव पण आहे."

श्यामकांतांचे कान लाल झाले. सत्तराव्या वर्षी या माणसाचे कान लाल होताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"फक्त त्यानंतर महिनाभर ठिपके नाहीत," नूपुर म्हणाली. "धुकं होतं का?"

"आजारी होतो मी तेव्हा," श्यामकांत म्हणाले. "डिसेंबरात न्यूमोनिया झाला. पण त्याच्या आधीची निरीक्षणं चोख असणार. खुशाल वापर."

मी पोहे करायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले.

आता मी काय केलं होतं ते सांगते.

न्यूमोनिया डिसेंबरात झाला नव्हता, त्यांच्या आठवणीत तेवढंच उरलं आहे. सतरा नोव्हेंबरला सकाळी श्यामकांतांना श्वास लागला आणि दुपारी त्यांना दवाखान्यात दाखल केलं. आमचा मुलगा कौस्तुभ व्यापारी जहाजावर, तो तेव्हा अटलांटिकच्या मधोमध कुठेतरी. चार ते पाच भेटायची वेळ. पाच वाजता बाहेर काढायचे, मग ऑटो धरून मी घरी यायची. पहिल्या संध्याकाळी घरात आले तेव्हा सात वाजत होते. जिन्यात पावलं नाहीत, आकडा नाही. मी सवयीने कॉम्प्युटर लावला. आलेखावर यांचा शेवटचा ठिपका सोळा नोव्हेंबरचा होता आणि त्यापुढे काही नव्हतं.

मी घाबरले. साधी सरळ घाबरले. तो पांढरा भाग मला बघवेना. ठिपके थांबले म्हणजे माणूसही थांबला, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं. मी तारीख टाकली, सात वाजताची वेळ टाकली, आणि दोन पूर्णांक दोन लिहिलं. ठिपका पडला. त्या रात्री मला थोडी झोप लागली, म्हणून दुसऱ्या दिवशीही टाकला. मग रोजच. नऊ डिसेंबरपर्यंत. दहा तारखेला ते घरी आले, आणि मग मला ठिपक्यांची गरज उरली नाही.

यातली खरी लाज पुढे आहे. मी वीस वर्षं शाळेत फिजिक्स शिकवलं. प्रयोग न करता वहीत आकडे पिकवणारी मुलं मला वासावरून कळायची. सगळे आकडे सारखे लिहिणारा लगेच सापडतो, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी अधूनमधून दोन पूर्णांक एक टाकला, एकदा दोन पूर्णांक तीनसुद्धा. एवढी हुशारी मी त्या दिवसांतही शाबूत ठेवली होती. पुढे ते बरे झाले, पुन्हा गच्चीवर जायला लागले, आणि त्या ठिपक्यांचं कोणाला काही पडलेलं नाही असं समजून मी गप्प बसले. आकाशातला एक डबा नेमक्या त्या तीन आठवड्यांत ताऱ्याचं मंदावणं टिपत बसला असेल, हे मला कुठून सुचणार?

शनिवारी संध्याकाळी सांगावं म्हणून मी दोनदा तोंड उघडलं. श्यामकांत गच्चीवरून आले, "दोन पूर्णांक एक" म्हणाले, आणि मग चक्क शीळ वाजवत हात धुवायला गेले. माझी हिंमत झाली नाही. ती पोर आपल्या प्रबंधाची भिंत माझ्या थापेवर उभी करत होती, सोमवारी ती भिंत दुसऱ्यांच्या हाती जाणार होती, आणि तीवर माझ्या नवऱ्याचं नाव लिहिलेलं असणार होतं. स्वतःवर इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

रविवारी सकाळी आम्ही बाल्कनीत मटार सोलत बसलो होतो. मी म्हटलं, "अहो, ते ठिपके तुमचे नाहीत."

"कुठले?"

"नूपुरने काल आणले ते. सतरा नोव्हेंबर ते नऊ डिसेंबर. ते मी टाकले."

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "गच्चीवर जाऊन?" त्यांनी विचारलं, आणि त्या विचारण्यात एवढी आशा होती की हो म्हणून टाकावंसं वाटलं.

"नाही. खुर्चीत बसून."

रागावले की हे ओरडत नाहीत, अंगावर येत नाहीत, नुसते सावकाश बोलतात. मला तेच सोसत नाही. "सत्तावीस वर्षांत ढग असले तर मी रिकामं सोडलं," ते म्हणाले. "धुकं असलं तर रिकामं सोडलं. रिकामं सोडायची मला कधी लाज वाटली नाही, विनीता. तुला का वाटली?"

"सुचलं तसं केलं," मी म्हटलं. माझाही पारा चढला होता, कारण दुसरं काही सांगायला गेले असते तर रडले असते. "झाली चूक. आता काय करायचं ते सांगा."

"नूपुरला फोन लाव."

फोनवर तेच बोलले. कार्यालयात अहवाल द्यावा तसं तारखांसकट, कारण न सांगता, आणि शेवटी, "माझ्या नावाने खोटी नोंद गेली, म्हणून मी माफी मागतो," म्हणाले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही, नोंद 'घरून' गेली एवढंच म्हणाले. मग त्यांनी फोन माझ्याकडे दिला. "तुझ्याशी बोलायचंय तिला."

"काकू," नूपुर म्हणाली. आवाज रडवेला होता. "तुम्ही मधे मधे दोन पूर्णांक एक पण टाकले होते."

"हो."

"म्हणून तर मला ते खरे वाटले." तिने नाक पुसल्याचं ऐकू आलं. "मला खूप राग येत आहे, काकू. माझी अर्धी चॅप्टर गेली. चकती वगैरे सगळं गेलं. आता फक्त एवढं उरतं की तारा तीन आठवडे मंद झाला आणि उपग्रहाने बघितला."

"मला माफ कर गं."

"सोमवारनंतर सांगितलं असतं तर मी मेली असती," ती म्हणाली. "आता ठेवते. आता नाही बोलवत मला." आणि तिने फोन ठेवला. तिचं काही चुकलं नाही. मी तिच्या जागी असते तर यापेक्षा कितीतरी कडू बोलले असते.

मटार तसेच पडले होते. श्यामकांतांनी आपली खुर्ची उचलून कॉम्प्युटरजवळ आणली. "सगळे काढ," ते म्हणाले. "माझ्यासमोर."

संस्थेच्या साइटवर आपली नोंद आपल्याला काढता येते, पण एकेक करून. नोंद निवडायची, काढा म्हणायचं, मग ते विचारतं, नक्की काढायची? पुन्हा हो म्हणायचं. श्यामकांत तारीख सांगायचे, मी काढायची. पाठ त्यांनी अर्धवट वळवलेलीच होती, मागचं बघायचं नाही ना.

"सतरा."

काढला.

"अठरा. एकोणीस. वीस."

काढले.

"एकवीस."

माझं बोट थांबलं.

"काय झालं? सापडत नाही का?"

"सापडला," मी म्हटलं. "त्या दिवशी तुम्हाला व्हेंटिलेटरवर घेतलं. सही करायला मी एकटीच होते."

हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं. नळी घातली होती एवढं म्हटलं होतं, आणि नळीचे हजार प्रकार असतात. मी एकवीस काढला. पुढची तारीख त्यांनी जरा उशिराने सांगितली, आणि तीसुद्धा हळू.

बावीस गेला, तेवीस गेला. सव्वीसला मी दोन पूर्णांक तीन लिहिला होता, तोही गेला. अठ्ठावीसवर मी पुन्हा अडले.

"या दिवशी?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टर म्हणाले, मुलाला बोलावून घ्या. जहाजावरून कसं बोलावणार? मी घरी आले आणि..." मी पडद्याकडे बोट केलं. "इथे दोन पूर्णांक एक लिहिलं. तारा थोडा उजळ केला."

मग मला आवरलं नाही. दोन वर्षं जे पोटात ठेवलं होतं ते सगळं बाहेर आलं. ठिपके थांबले तर तुम्हीही थांबाल असं वाटायचं, हेही मी बोलून गेले. फिजिक्सच्या बाईला शोभेल असं त्यात काहीच नव्हतं. श्यामकांतांनी माझ्या हाताखालचा माऊस काढून घेतला नाही. नुसते थांबले. माझं झाल्यावर म्हणाले, "एकोणतीस." मी एकोणतीस काढला.

नऊ डिसेंबरचा काढला तेव्हा साडेबारा वाजले होते. खालून भाजीवाल्याची गाडी गेली. मी आलेख नव्याने उघडला आणि सवयीने पडदा माझ्याकडे वळवायला गेले, तर श्यामकांतांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यावर चढवला, आणि खुर्ची सरळ आलेखासमोर आणली.

"अहो, नियम," मी म्हटलं.

"असू दे."

सोळा नोव्हेंबरचा ठिपका आणि त्यानंतर थेट पंधरा जानेवारीचा. मधे पांढरं. त्यांनी बोट पहिल्या ठिपक्यावर ठेवलं आणि हळूहळू उजवीकडे सरकवत नऊ डिसेंबरच्या खुणेपाशी आणलं. तिथून पुढचं त्यांना माहीत होतं, पुढे ते घरी होते. हे अलीकडचं त्यांना माहीत नव्हतं.

"आठवडाभर होतो असं तू म्हणाली होतीस," ते म्हणाले.

"हो."

"हे तेवीस दिवस आहेत."

"हो."

त्यांचं बोट तिथेच होतं. ताऱ्याबद्दल, नूपुरबद्दल, आपल्या नावाबद्दल ते काही बोलतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं.

"रोज संध्याकाळी या घरात येऊन एकटी बसायचीस," ते म्हणाले. "जेवायचीस का?"

हे मला दोन वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. मी नाही म्हटलं.